फुकट ऐकणाऱ्यांचा समाज होत नाही

गाण्यांचं दुकान ही गोष्ट आता कालबाह्य झाली, असं मानणाऱ्यांत शहाणी माणसंही आहेत. म्हणून त्यांचं म्हणणं आधी नीट मांडायला हवं. महिन्याला शे-दीडशे रुपये भरले की कोट्यवधी गाणी फोनवर येतात. तेवढेही भरायचे नसतील तर यूट्यूब आहेच. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे गाण्यांचं दुकान २०१६ साली बंद झालं तेव्हा पुष्कळ लोक हळहळले. पण त्यांतल्या किती जणांनी आदल्या वर्षी तिथून एक तरी सीडी घेतली होती, हा प्रश्नही रास्तच. वर अल्गोरिदम हाताशी आहे. तुम्हाला ध्रुपद आवडतं हे ओळखून तो आणखी ध्रुपद काढून देतो. मग आल्बमगणिक पैसे मागणारी बँडकॅम्प, बूमकॅट, ब्लीप यांसारखी इंटरनेटवरची दुकानं हवीत कशाला? आडवाटेच्या संगीताचा यात फायदाच झाला, एके काळी दुर्मीळ होतं ते आता सगळ्यांना मिळतं.

यातलं शेवटचं विधान खरं आहे आणि बाकीची त्याच्या आडोशाला उभी आहेत. संगीत मिळणं सोपं झालं म्हणून त्याच्याभोवती माणसं जमली असं होत नाही. बघायचं ते हे, की जिथे माणसं जमली तिथे ती कशामुळे जमली.

चरणजीत सिंग हे मुंबईच्या सिनेसंगीतातले वादक. १९८२ साली त्यांनी रोलंड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक यंत्रं जोडून त्यांवर भैरव, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले आणि एचएमव्हीने त्याची रेकॉर्ड काढली. ती चालली नाही. २००२मध्ये एडो बौमन या डच संग्राहकाला ती दिल्लीतल्या एका दुकानात सापडली आणि २०१०मध्ये बॉम्बे कनेक्शन या त्याच्या छोट्या लेबलने ती पुन्हा प्रकाशित केली. शिकागोत १९८७च्या सुमाराला 'ॲसिड हाउस' म्हणून जे संगीत नावारूपाला आलं, त्याच्याशी थक्क करणारं साम्य असलेलं काहीतरी मुंबईत पाच वर्षं आधीच होऊन गेलं होतं, हे तेव्हा कुठे त्या संगीताच्या चाहत्यांना कळलं. सत्तरी ओलांडलेले चरणजीत सिंग युरोपात जाऊन ते राग मंचावर वाजवू लागले. २०१५ साली ते गेले, पण आपलं काम कोणाला तरी कळलं हे पाहून गेले.

हे अल्गोरिदमने केलं नाही आणि त्याला ते करताही आलं नसतं. लोक काय ऐकतात यावर तो चालतो, आणि ही रेकॉर्ड तर कोणी ऐकतच नव्हतं. तिच्यासाठी पदरचे पैसे खर्चून जुन्या रेकॉर्डी चाळणारा माणूस लागला, तोट्याची तयारी असलेलं लेबल लागलं आणि 'हे काय आहे आणि का ऐकावं' असं चार ओळींत लिहून विकणारी, त्याच जातीच्या गिऱ्हाइकांची खास दुकानं लागली. इथिओपियाचे हैलू मेर्गिया यांचंही असंच. वॉशिंग्टनमध्ये ते टॅक्सी चालवत होते. त्यांची १९८५ची कॅसेट 'ऑसम टेप्स फ्रॉम आफ्रिका' या लेबलने २०१३मध्ये पुन्हा काढली आणि माणूस मैफलीत परतला. नफा कलाकाराबरोबर निम्मा-निम्मा वाटून घेणारं हे लेबल आहे. फुकट ऐकणाऱ्या लाखभर लोकांपेक्षा विकत घेणारे काही हजार लोक इथे उपयोगी पडले.

आता आपल्या घरचा हिशेब. स्पॉटिफायवर एखादं ध्वनिमुद्रण ३० सेकंद वाजलं की ते एकदा ऐकलं असं धरतात. पुढे तुम्ही दीड मिनिट ऐका की पन्नास मिनिटं, मोजणीत फरक नाही. म्हणजे विलंबित एकतालात पाऊण तास मांडलेला दरबारी आणि रीलसाठी बेतलेलं दोन मिनिटांचं गाणं, दोन्ही एकाच मापाने मोजली जातात. तुमचे मासिक पैसेही तुम्ही ऐकलेल्या गायकाकडे सरळ जात नाहीत. ते सामाईक रकमेत पडतात आणि एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटले जातात. भर म्हणून २०२४पासून नियम असा, की मागच्या बारा महिन्यांत निदान १,००० वेळा वाजलं नाही तर त्या ध्वनिमुद्रणाला मानधन नाही. तो वाटा बाकीच्यांत जातो. आडवाटेच्या संगीताला याहून स्पष्ट भाषेत 'चालते व्हा' कसं सांगायचं?

पैशाहून मला जास्त खुपते ती नावांची अनास्था. स्ट्रीमिंगवर एखादी जुनी मैफल उघडा. गायकाचं नाव दिसेल, रागाचं बहुधा दिसेल, तेही रोमन लिपीत तीन प्रकारे लिहिलेलं. तबल्यावर कोण, हार्मोनियमवर कोण, मागे तानपुऱ्यावर बसून मधूनच सूर लावणारी शिष्या कोण, मैफल कुठली आणि कधीची, याचा बहुतेक वेळा पत्ता नसतो. ज्यांचं रसिकत्वच अशा तपशिलांवर पोसलं गेलं, त्यांना त्या पडद्यावर बोलायला विषयच उरत नाही. रेकॉर्डच्या कव्हरमागचा मजकूर वाचून भांडलेली पिढी अजून हयात आहे, तिला विचारा. मुंबईत १९९०मध्ये सुरू झालेली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था अशाच वेडावर उभी राहिली. तबकडीवरचा क्रमांक, लेबलचा रंग, शेवटी गायकाने स्वतःच उच्चारलेलं स्वतःचं नाव, एवढ्या सामग्रीवर या मंडळींनी ७८ आरपीएमचा इतिहास जुळवायला घेतला आणि त्यासाठी 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक चालवलं. डिस्कॉग्ज या २००० साली सुरू झालेल्या सूचीने तेच जगाच्या पातळीवर केलं: नोंदी सदस्यांनीच करायच्या, चुका सदस्यांनीच काढायच्या आणि विक्रीही तिथेच. तिथे नोंदी आणि बाजार एकमेकांना धरून आहेत. चुकीचं लिहून विकलं तर गिऱ्हाईक परत येतं, त्यामुळे अचूकपणाची गरज विकणाऱ्यालाही असते.

यावर सात्त्विक आक्षेप ठरलेला आहे: कलेभोवती जमणं निरपेक्ष असावं, दुकानदारीने त्याला डाग लागतो. हा आक्षेप निदान महाराष्ट्रात तरी कोणी घेऊ नये. कोल्हापूरचा देवल क्लब असो की मुंबईच्या उपनगरांतली संगीत मंडळं, खयाल इथे रुजला तो सभासदांच्या वर्गणीवरही. पावती फाडलेला माणूस पुढच्या मैफलीला येतो, कलाकार का बदलला म्हणून जाब विचारतो, पुढच्या वर्षी सतरंज्या घालायलाही उभा राहतो. बँडकॅम्पवर आल्बमच्या खाली तो विकत घेणाऱ्यांची चित्रं दिसतात आणि त्यांतल्या कोणावरही बोट ठेवलं की त्याचा सगळा संग्रह उघडतो. हे जुन्या सभासद-यादीचंच काम आहे. ज्याला परवडत नाही त्याचं काय, असं कोणी विचारील. तिथे बहुतेक संगीत विकत घेण्याआधी ऐकता येतं आणि किंमत शून्यापासून गिऱ्हाइकावर सोपवायची मुभा कलाकाराला असते. आक्षेप तेवढ्याने संपतो.

एक आक्षेप मात्र खरा जड आहे. हा समाज उभा राहतो कोणाच्या जागेत? बँडकॅम्प २००८मध्ये सुरू झालं. डिजिटल विक्रीवर त्यांचा वाटा १५ टक्के. ३०० रुपयांच्या आल्बममागे ४५ रुपये दुकानाचे आणि पैसे वळते करण्याचा खर्च सोडता बाकी कलाकाराचे. करोनाच्या पहिल्या झळेत, २० मार्च २०२० रोजी, त्यांनी एक दिवस आपला वाटा सोडला तर चाहत्यांनी ४३ लाख डॉलरची खरेदी केली. लोकांना ते आपलं घर वाटत होतं. पण २०२२मध्ये ते एपिक गेम्स या खेळांच्या कंपनीने विकत घेतलं, २०२३मध्ये पुढे साँगट्रेडर या कंपनीला विकलं, आणि जवळजवळ निम्म्या कर्मचाऱ्यांना घरी बसवलं गेलं. संगीतावर जाणतेपणाने लिहिणारेही त्यांत होते. सीडी बेबीनेही आपलं दुकान २०२०मध्ये बंद केलं. तेव्हा दुकान म्हणजे समाज, असं मी म्हणणार नाही.

पण या आक्षेपाचा निष्कर्ष 'म्हणून फुकटच बरं' असा निघत नाही. फुकटच्या जागेचं काय होतं ते मायस्पेसने दाखवलंय. २०१५पर्यंत तिथे चढवलेली पाच कोटींहून अधिक गाणी सर्व्हर हलवताना गेली. विकत घेतलेली फाइल निदान घेणाऱ्याच्या डिस्कवर राहते. विकत घेणाऱ्याने संमती दिली असेल तर त्याचा ई-मेल पत्ता कलाकाराकडे राहतो आणि दुकान बुडालं तरी ती यादी बुडत नाही. स्ट्रीमिंग कंपनी कलाकाराला आकडे आणि शहरांची नावं देते, पत्ता देत नाही. माझ्या मते कुठल्याही दुकानाची परीक्षा इथेच करावी.

आपल्याकडे हे कोणाला सुचलंच नाही असंही नाही. शुभा मुद्गल आणि अनीश प्रधान यांनी अंडरस्कोर रेकॉर्ड्स हे इंटरनेटवरून विक्री करणारं लेबल २००३मध्येच काढलं, आयट्यून्सचं दुकान उघडलं त्याच वर्षी. तेव्हा इंटरनेटवर पैसे भरणं इथे दिव्य होतं. नंतर पेपॅलनेही १ एप्रिल २०२१पासून भारतातले देशांतर्गत व्यवहार बंद केले. परदेशी दुकानांवर विसंबलेल्या आपल्या कलाकारांसाठी ती अडचणच होती. आज मात्र वडापावच्या गाडीवर यूपीआयची पाटी आहे. पैसे भरता येत नाहीत ही सबब संपली. उरलेली सबब आपल्या सवयीची आहे. नाट्यसंगीत, शाहिरी, ध्रुपद, घराण्यांची जुनी ध्वनिमुद्रणं यूट्यूबवर बेनामी चढवायची, दोन लाख लोकांनी पाहिलं म्हणून खूश व्हायचं आणि त्या दोन लाखांतला एकही माणूस पुढच्या मैफलीला सापडत नाही म्हणून कपाळाला हात लावायचा.

म्हणून कलाकारांना विनंती अशी: ध्वनिमुद्रण विकायला ठेवा, किंमत रुपयांत लिहा, साथीदारांची नावं, तारीख आणि गाव लिहा, आणि घेणाऱ्याचा पत्ता त्याला विचारून जपून ठेवा. वाचकांनो, असं एखादं ध्वनिमुद्रण पुढे आलं तर ते विकत घ्या, आणि तबलजीचं नाव चुकलं असेल तर कळवा.