एक पान पाहुण्याचे

आज नाताळ. ख्रिस्ती बांधवांच्या घरोघरी चांदणीच्या आकाराचे आकाशकंदील उजळले असतील, गव्हाणीचे देखावे मांडले गेले असतील आणि प्रार्थनामंदिरांतील घंटा मध्यरात्रीपासूनच निनादू लागल्या असतील. या सणाचा गाभा एका शब्दात सांगावयाचा झाला, तर तो शब्द म्हणजे शांती. परंतु शांतीचा हा सण गेली काही वर्षे जगाला अशांतीतच साजरा करावा लागला आहे. ज्या बेथलेहेम गावी येशूचा जन्म झाला असे ख्रिस्ती जन मानतात, त्याच गावाने गाझातील युद्धामुळे २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी नाताळचा सार्वजनिक उत्सव रद्द केला. २०२३ साली तर तेथील एका प्रार्थनामंदिरात बाळ येशूची मूर्ती गव्हाणीत न ठेवता दगडविटांच्या ढिगाऱ्यात ठेवण्यात आली. अशा काळात दिवे लावणे आणि गोडधोड करणे म्हणजे दुःखाकडे पाठ फिरविणे नव्हे काय, असा प्रश्न संवेदनशील मनाला पडणे स्वाभाविक आहे. आमच्या बहुसंख्य वाचकांच्या देवघरात हा सण नसेल. पण हा प्रश्न मात्र प्रत्येक भाविकाचा आहे, कारण संकटाच्या सावटाखाली सण यावा हा प्रसंग कोणत्याही घरावर येऊ शकतो.

वास्तविक पाहता ख्रिस्तजन्माची कथा ही स्वस्थतेची कथा नव्हेच. प्रसूतीची वेळ जवळ आलेली माता, धर्मशाळेत जागा नाही म्हणून गोठ्याचा घेतलेला आसरा, राजा हेरोदाने आरंभिलेले बालहत्याकांड आणि तान्ह्याला उराशी धरून रातोरात इजिप्तकडे केलेले पलायन, अशी ही कथा आहे. ती ऐकताना मथुरेचा बंदिवास, कंसाची क्रूरता, दुथडी भरून वाहणारी यमुना आणि वसुदेवाच्या मस्तकावरची ती टोपली कोणत्या भाविकास आठवणार नाही? दोन्ही कथा एकच आहेत असे आम्हांस म्हणावयाचे नाही. प्रत्येक धर्माची श्रद्धा तिच्या ठायी स्वतंत्र आणि पूज्य आहे. पण भगवंताचे आगमन राजवाड्यात, सनई-चौघड्यांच्या निनादात होत नाही, अंधाऱ्या रात्री आणि भयाच्या छायेत होते, हे दोन्ही परंपरांनी सांगितले आहे. इंग्लंडात जन्मलेल्या फादर स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध केले, ते मराठी ओवीत. त्यामुळे ही कथा मराठी कानाला चार शतकांपासून परिचित आहे.

संकटाच्या काळात सणाचे प्रयोजन काय, याचे उत्तर शोधावयास दूर जाण्याची गरज नाही. आमच्या पन्हाळगडाकडे पाहिले तरी पुरे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या ज्या बारा दुर्गांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यांत पन्हाळा आहे. १६६० साली सिद्दी जौहरच्या वेढ्यात हा गड मार्चपासून चार महिने अडकून पडला होता. शिवा काशीद यांचे आत्मबलिदान, जुलैतल्या त्या पावसाळी रात्री महाराजांनी विशाळगडाकडे केलेले प्रयाण आणि बाजीप्रभूंनी खिंडीत दिलेली झुंज यांच्या कथा येथील मुले पाळण्यात ऐकतात. परंतु गड पाहावयास येणाऱ्यांनी आणखी एका वास्तूपुढे क्षणभर थांबावे असे आम्हांस वाटते. ती म्हणजे बालेकिल्ल्यातील अंबारखाना. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी पवित्र नद्यांची नावे ल्यालेली ही तीन प्रचंड धान्यकोठारे. गड तलवारीने लढतो हे खरे. पण तो टिकतो तो कोठारातल्या धान्यावर. आणि कोठार वेढा पडल्यावर भरता येत नाही. ते सुकाळात, शांततेच्या दिवसांत, मूठमूठ धान्य घालून भरावे लागते.

सण हे मनाचे अंबारखाने आहेत. वर्षानुवर्षे लावलेली निरांजने, केलेले उपवास, म्हटलेल्या आरत्या, आजीच्या तोंडून ऐकलेल्या कहाण्या या सर्वांतून मनाच्या तळघरात काही साठत जाते. एरवी त्याची किंमत कळत नाही. विपत्तीचा वेढा पडला, की मनुष्य त्या साठ्यावर जगतो. हे केवळ आलंकारिक बोलणे नव्हे. त्याचा दाखला कोल्हापूरच्याच मातीत मिळतो.

पन्हाळ्याच्या पूर्वेस पंचगंगेचे खोरे पसरले आहे. त्याच खोऱ्यात, कोल्हापूर शहराच्या पलीकडे, वळिवडे नावाचे गाव आहे. १९४३ साली या गावाच्या माळावर एक परदेशी वसाहत उभी राहिली. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने आक्रमण केले. पूर्व पोलंडातील लक्षावधी माणसांना १९४० पासून आगगाड्यांच्या डब्यांत कोंबून सैबेरियात आणि मध्य आशियात नेण्यात आले. थंडीने, उपासमारीने आणि रोगराईने त्यांतील किती तरी दगावले. १९४१ साली जर्मनीने रशियावरच चढाई केली, तेव्हा या बंद्यांच्या सुटकेचा करार झाला आणि १९४२ मध्ये त्यांचे तांडे कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरले. तेथून कराचीमार्गे सुमारे पाच हजार जण कोल्हापूर संस्थानात आले. त्यांत बहुतेक स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. कर्ते पुरुष रणांगणावर गेले होते, नाहीतर कधीच परतणार नव्हते. याआधी १९४२ मध्ये नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे अशाच पोलिश बालकांना पोटाशी धरले होते.

वळिवड्याच्या वसाहतीचा खर्च लंडनमध्ये आश्रय घेतलेल्या पोलिश सरकारने सोसला, हे नमूद केले पाहिजे. पण भूमी करवीरची होती, आणि शेजार करवीरच्या जनतेचा होता. तो काळही सुखाचा नव्हता. देश पारतंत्र्यात होता, ‘चले जाव’च्या लढ्यातील कार्यकर्ते तुरुंगात होते, महागाईने संसार मेटाकुटीस आले होते, आणि त्याच १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळाने माणसे रस्त्यावर मरत होती. अशा वेळी, ज्यांची भाषा कळत नाही, ज्यांचा धर्म वेगळा, अशा पाच हजार जीवांना या भूमीने पाच वर्षे नांदू दिले. वसाहतीत शाळा होत्या, रुग्णालय होते, टपालघर होते, नाट्यगृह होते आणि प्रार्थनामंदिरही होते. उमादेवी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वांदा दिनोव्स्का या पोलिश विदुषी तेथील मुलांना भारताची ओळख करून देत. पुढे त्यांनी भगवद्गीतेचे पोलिश भाषांतर केले.

त्या प्रार्थनामंदिरात १९४३ पासून नाताळ साजरा होऊ लागला. पोलिश कुटुंबात नाताळच्या आदल्या संध्याकाळी जी पंगत बसते, तिला ते ‘विगिलिया’ म्हणतात. त्या दिवशी मांस वर्ज्य असते. आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत घरातली माणसे उपाशी राहतात आणि मुले अंगणात उभी राहून ती चांदणी शोधतात. संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहणाऱ्या आपल्या घरांना याचे नवल वाटू नये. जेवणाच्या मेजावर पांढऱ्या वस्त्राखाली गोठ्याची आठवण म्हणून थोडे वाळले गवत ठेवतात. मग ‘ओपवातेक’ नावाची पातळ पांढरी पापडी हाती घेऊन प्रत्येक जण दुसऱ्याच्या पापडीचा तुकडा मोडतो, झाल्यागेल्याची क्षमा मागतो आणि शुभ चिंतितो. संक्रांतीला तिळगूळ देताना आपण याहून वेगळे काय करतो? आणि सर्वांत हृद्य प्रथा ही, की त्या मेजावर एक पान जास्तीचे मांडलेले असते. ते कोणासाठी, हे ठाऊक नसते. अवचित दाराशी येणाऱ्या पाहुण्यासाठी ते असते. पाहुणा घरी आला म्हणजे देव घरी आला, अशी त्यांच्या भाषेत म्हणच आहे. अतिथीला देव मानावे ही उपनिषदाची शिकवण ज्या भूमीत झिरपली आहे, तेथे तीच भावना त्या परक्या माणसांच्या पंगतीत मांडलेली होती.

या प्रथा त्यांनी सैबेरियातून बरोबर आणल्या होत्या. घरे गेली, शेते गेली, आप्त गेले. पण मनाचे अंबारखाने लुटता आले नाही. ज्यांना स्वतःला जगात कोठे जागा उरली नव्हती, त्यांनी पाहुण्याचे पान आपल्या परंपरेतून पुसून टाकले नाही. आशा म्हणतात ती हीच. उद्या सारे ठीक होईल असे भाकीत करणे म्हणजे आशा नव्हे. कोणीतरी येईल म्हणून आज पान मांडून ठेवणे म्हणजे आशा.

त्या पानाला पुढे फळही आले. १९४८ मध्ये पोलिश वसाहत रिकामी झाली. त्यांची पूर्वेकडील गावे सोव्हिएत रशियात गेल्याने अनेकांना मायदेशी परतता आले नाही. ते इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेत विखुरले. त्यांच्या सोडलेल्या घरांत फाळणीने बेघर झालेले सिंधी बांधव येऊन राहिले. कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी आज प्रसिद्ध असलेले गांधीनगर ते हेच. एका पाहुण्याचे पान दुसऱ्या पाहुण्याच्या कामी आले. आणि २०२२ साली युक्रेनमध्ये रणधुमाळी सुरू झाली, तेव्हा काही आठवड्यांतच वीस लाखांहून अधिक माणसे सीमा ओलांडून ज्या देशात शिरली, तो देश पोलंड होता. युद्धात अडकलेल्या भारतीय विद्यार्थ्यांनाही पोलंडने प्रवेशपत्राचा आग्रह न धरता सीमेवरून आत घेतले. वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. २१ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तेथे पुष्पांजली वाहिली. करवीरवासीयांना या गोष्टीचा अभिमान वाटावा, हे योग्यच आहे.

परंतु सणाच्या दिवशी केवळ अभिमानाचे बोलून थांबणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. ज्या १९४८ साली या जिल्ह्याने निर्वासितांना थारा दिला, त्याच वर्षी महात्माजींच्या हत्येनंतर याच कोल्हापुरात शेजाऱ्यांची घरे पेटली आणि भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. अगदी अलीकडे, १४ जुलै २०२४ रोजी, विशाळगडावरील अतिक्रमणांविरुद्धच्या आंदोलनाला हिंसक वळण लागले आणि गडाच्या वाटेवरील गजापूर गावात घरांची व प्रार्थनास्थळाची नासधूस झाली. अतिक्रमणाचा प्रश्न कायद्याने सोडविता येतो. पण भांडीकुंडी, धान्य, मुलांची पुस्तके यांनी कोणते अतिक्रमण केले होते? पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाणारी ती वाट बाजीप्रभूंच्या रक्ताने पावन झाली आहे. दरवर्षी जुलैमध्ये शेकडो तरुण त्या वाटेने श्रद्धेने चालतात. रक्षणासाठी प्राण वेचल्याची स्मृती जागविणारी ही वाट आहे. तिच्या कडेला कोणाही स्त्री-मुलांनी भयाने रात्र काढावी, हे त्या स्मृतीला शोभणारे नाही.

यातून एक कठोर सत्य आमच्या ध्यानी येते. दुरून आलेल्या पाहुण्याला पान वाढणे सोपे असते, शेजाऱ्याला वाढणे कठीण. पाहुण्याशी आपले जुने वाद नसतात, बांधाची भांडणे नसतात, ऐकीव अफवा नसतात. शेजाऱ्याशी हे सारे असते. म्हणूनच शांतीची खरी कसोटी बेथलेहेमात किंवा वॉर्सात नाही, ती आपल्या गल्लीत, आपल्या आळीत आहे. ज्ञानेश्वर माउलींनी पसायदानात दुर्जनांचा नाश मागितला नाही. त्यांच्या मनातील वाकडेपण जावे आणि जीवमात्रांत मैत्री व्हावी, एवढेच मागितले. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून या करवीरात मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी वसतिगृहे उघडण्यास आरंभ केला, ती शेजाऱ्यासाठी मांडलेलीच पाने होती. पन्हाळगडावर सोमेश्वराचे मंदिर आणि साधोबाचा दर्गा पिढ्यान्‌पिढ्या एकाच आकाशाखाली उभे आहेत, आणि समोरच्या डोंगरावरून जोतिबा दोहोंकडे पाहतो आहे.

तेव्हा आमची भाविक कुटुंबांना नम्र विनंती आहे, की आजचा दिवस परक्यांचा म्हणून सोडून देऊ नये. ओळखीच्या ख्रिस्ती घरी जाऊन शुभेच्छा द्याव्यात, त्यांच्या घरचा फराळ गोड मानून घ्यावा. ज्या शेजाऱ्याशी वर्षभर अबोला आहे, मग तो स्वधर्मीय असो वा परधर्मीय, त्याच्या दारी संक्रांतीची वाट न पाहता आजच जावे. हातातल्या दूरध्वनीवर कोणाविषयी विखारी मजकूर आला, तर तो पुढे धाडण्यापूर्वी घरातल्या वडीलधाऱ्यांस एकदा वाचून दाखवावा; त्यांच्यासमोर उच्चारावयास जे जड जाते, ते पाठवूही नये. आणि सायंकाळी देवापुढे दिवा लावताना मुलांना वळिवड्याची ही हकीकत सांगावी. मनाचे अंबारखाने अशाच मूठमूठ धान्याने भरते, आणि वेढा पडण्याआधीच ते भरावे लागते.

युद्धे थांबविणे आपल्या हाती नसेल. पण रात्रीच्या जेवणाला बसताना एक पान जास्तीचे मांडणे प्रत्येक गृहिणीच्या हाती आहे. आई अंबाबाई आणि दख्खनचा राजा जोतिबा सर्वांना ती सद्बुद्धी देवोत. समस्त ख्रिस्ती बांधवांना आणि आमच्या सर्व वाचकांना नाताळच्या हार्दिक शुभेच्छा!