हातच्या कंकणाला आरसा हवाच!

'हातच्या कंकणाला आरसा कशाला?' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु परदेशी स्थायिक होण्यासाठी अर्ज करणाऱ्याला ती उपयोगी पडत नाही. तेथील अधिकाऱ्याला अर्जदाराचे कंकण दिसत नाही. त्याच्यासमोर असतो तो केवळ आरसा, म्हणजे कागद!

वाशिमसारख्या जिल्ह्यात या विषयाचे काय प्रयोजन, असे कुणी विचारील. पण 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. त्यात परिचारिका, वीजतंत्री, नळ कारागीर, वाहनचालक अशांना स्थान होते. ही माणसे रिसोड, मानोरा, मंगरूळपीरच्या गल्लोगल्ली आहेत. हुन्नर आहे, पुरावा कोठे आहे?

कॅनडाच्या संघीय कुशल कामगार योजनेचेच पाहा. मागील दहा वर्षांत किमान एक वर्ष, म्हणजे 1,560 तास, सलग आणि मोबदला घेऊन केलेले काम लागते. त्याचा दाखला संस्थेच्या छापील कागदावर, सहीनिशी हवा. त्यात पद, कामाचा काळ, आठवड्याचे तास, वेतन आणि प्रत्यक्ष कामाचे वर्णन हवे. आपल्याकडचा दाखला काय सांगतो? 'यांची वर्तणूक समाधानकारक होती.' स्वभावाची स्तुती भरपूर, कामाचा मात्र पत्ता नाही!

मित्रहो, हा केवळ आळसाचा प्रश्न नाही. मुकादमाकडे हजेरी असते, पण ती त्याच्या वहीत. मजुरी रोख मिळते. खासगी दवाखान्यातील मदतनीस मुलगी पाच वर्षे राबते, तरी तिच्या हाती नेमणूकपत्र नसते. कागद दिला की त्यामागून किमान वेतन आणि भविष्यनिर्वाह निधीचा प्रश्न येतो, हे अनेक मालकांना पक्के ठाऊक आहे. म्हणून कष्ट अलिखित ठेवण्यात कुणाचे तरी हित असते. त्याची किंमत केवळ परदेशी जाणाराच मोजतो असे नाही. बांधकाम कामगारांच्या 1996 च्या कायद्याने नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत 90 दिवस काम केल्याची अट घातली. गवंड्याचे हात घट्ट्यांनी भरलेले असले, तरी त्या 90 दिवसांचा दाखला द्यायला ठेकेदार सापडत नाही!

या अडचणीतून खोट्या दाखल्यांचा बाजार उभा राहतो. पण तो मार्ग घाताचा आहे. कॅनडात खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाल्यास पाच वर्षे प्रवेशबंदी होते. मग खरा अनुभवही मातीमोल ठरतो.

आपल्याच भूमीचा इतिहास आठवा. वाकाटक राजा द्वितीय विंध्यशक्ती याने वत्सगुल्माहून, म्हणजे आजच्या वाशिमहून, एक गाव दान दिले. कारकिर्दीच्या 37 व्या वर्षीचे ते दान ताम्रपटावर कोरले गेले, म्हणून शतकानुशतकांनंतरही आपल्याला ते ठाऊक आहे. राजाच्या दानाला तांबे मिळाले. श्रमिकाच्या दिवसाला साधा कागदही मिळू नये?

तेव्हा काम धरताच नेमणुकीचे पत्र मागावे. वेतन शक्यतो बँकेतून घ्यावे. तारीख, तास आणि केलेले काम रोज वहीत टिपावे. मालकाकडून दाखला लिहून घेताना तीच वही कामी येते. तो दाखला नोकरी सोडतानाच घ्यावा. मागाहून दुकान बंद होते, मालक गाव सोडतो.

आणि गुरुजनांना एक विनंती. ज्या महाविद्यालयांत 'कमवा व शिका' योजना चालते, त्यांनी ग्रंथालयात वा कार्यालयात राबणाऱ्या विद्यार्थ्याला तास, मोबदला आणि कामाचे स्वरूप नमूद केलेले पत्र न मागता द्यावे. आपला हक्क कागदावर मागण्याची सवय विद्यार्थ्याला येथे लागली, तर उद्या ठेकेदारासमोर उभे राहताना त्याची मान खाली जाणार नाही. मग तो जर्मनीला जावो, नाहीतर कारंज्याला!