ज्यो आणि असगरी

मुलगी चार प्रश्न विचारू लागली की घरात तिला लगेच ‘आगाऊ’ ठरवतात. पालकसभेत अम्मी सांगतात, “मॅडम, पोरगी फार उलट बोलते, जरा समजवा.” अशा अम्मींना मी शांता शेळके यांचं ‘चौघीजणी’ वाचायला सांगते. अमेरिकन लेखिका लुइसा मे अल्कॉट यांच्या ‘लिटल विमेन’चा हा अनुवाद. मूळ पुस्तकाचे दोन भाग १८६८ आणि १८६९ साली आले.

चार बहिणींतली दुसरी ज्यो. पुस्तकात बुडणारी, पटकन भडकणारी, आपण मुलगा का नाही म्हणून चिडणारी. युद्धावर गेलेले वडील आजारी असल्याची तार येते. आईला वॉशिंग्टनला जायचंय आणि पैसा कमी. ज्यो कोणाला न सांगता बाहेर पडते, आपले लांब केस विकते आणि २५ डॉलर आईच्या हातात ठेवते. रात्री अंधारात मात्र त्या केसांसाठी हुंदके देते. ‘आगाऊ’ म्हणावी अशीच ही मुलगी, पण वेळ आली तेव्हा घराच्या उपयोगी पडली.

आपल्या उर्दूतही त्याच १८६९ साली डेप्युटी नझीर अहमद यांचं ‘मिरात-उल-उरूस’ आलं. मुलीला वाचायला द्यावं असं पुस्तक मिळेना, म्हणून त्यांनी स्वतः लिहिलं. त्यातली फूहड अकबरी आणि सलीकेदार असगरी या बहिणी उर्दू घरांत ठाऊक आहेत. असगरी म्हणजे आज्ञाधारक सून, असं आपण मुलींना सांगतो. पण ती करते काय, हे पाहा. ती हिशेब तपासते, सासरच्या जुन्या मोलकरणीची लबाडी उघडी पाडते, घरातच मुलींना शिकवते. नुसती मान डोलावणारीला हे जमलं नसतं.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या कितीतरी खेड्यांत गावातली शाळा संपली की पुढे एसटीनं चिखली, मेहकर, खामगाव गाठावं लागतं. मुलीनं जायचं की नाही, हे घरातली मोठी माणसं ठरवतात. तिला कळतं ते निकाल लागल्यावर.

या सुट्टीत रोज मगरिबनंतर थोडा वेळ काढा. दोन्ही पुस्तकांतली पानं मुलीला मोठ्यानं वाचू द्या. अब्बूंनी आणि भावांनीही ऐकावं. मग तिला विचारा, “बेटा, पुढं काय शिकायचंय?” ती कदाचित लगेच बोलणार नाही, कारण हे तिला आजवर कोणी विचारलेलंच नसेल. उत्तर येईपर्यंत थांबा.