आधी विचारा तरी

आमच्या मंडळीच्या सभेत गेल्या वर्षी मुलींचं वसतिगृह बंद करायचा ठराव आला. छताच्या दुरुस्तीला पैसे नाहीत, मुलीही कमी झाल्या, असं सांगण्यात आलं. मी हिशेबाची वही मागितली. उत्तर मिळालं, "बाई, प्रभूची इच्छाच तशी दिसते." माना डोलल्या, समाप्तीची प्रार्थना झाली, चहा आला.

वही काही आली नाही.

प्रभूचं नाव घेऊन विषय मिटवण्याची ही सवय मला मुळीच पटत नाही. गेथशेमाने बागेत येशूने पित्याच्या इच्छेपुढे मान तुकवली, हे उपदेशात आम्ही नेहमी ऐकतो. पण त्याआधी पुढ्यातलं दुःख टळावं म्हणून त्याने गयावया केली, तीही पुन्हा पुन्हा. तो भाग पाळकसाहेब भरभर उरकतात.

पंडिता रमाबाईंचंच बघा. त्यांनी सोळाव्या वर्षाच्या आसपास आईवडील उपासमारीने गेलेले पाहिले होते. दुष्काळ म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. तरीही 1896-97 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा पुण्याच्या शारदा सदनात बसून त्या नुसती प्रार्थना करत राहिल्या नाहीत. स्वतः तिकडे गेल्या, मुलींचे हाल पाहिले आणि शेकडो जणींना घेऊन आल्या. दौंडजवळच्या केडगावात मुक्ती सदन उभं राहिलं ते असं. पुढे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं घातली. देव काय म्हणतो हे कळावं म्हणून एवढी मेहनत!

आणि आम्ही? 31 डिसेंबरच्या रात्री वर्षभरासाठी बायबलमधल्या वचनाची चिठ्ठी उचलतो. मीही उचलते, धीर येतो. पण माझी एक जुनी विद्यार्थिनी, नर्सिंग झालेली, दोन नोकऱ्यांतली कुठली घ्यायची हे त्या चिठ्ठीवरून ठरवायला निघाली. मी म्हटलं, प्रार्थना कर, हवा तर उपास कर. पण दोन्ही दवाखान्यांत जाऊन ये, रात्रपाळी संपल्यावर घरी कशी येशील ते बघ, तिथल्या जुन्या सिस्टरांशी बोल. तिची आई रागावली. "बाई, तुमचा देवावर भरवसा नाही का?"

आहे की. त्या सिस्टरांच्या तोंडूनही तो बोलेल, इतका आहे.