पुंगळ्यांचा हिशेब

अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने कोट्यवधी काडतुसांची मागणी नोंदविली म्हणून २०१२-१३ साली तेथील कित्येक नागरिक हवालदिल झाले होते. एवढा दारूगोळा सरकार झाडणार तरी कोणावर, हा प्रश्न थेट प्रतिनिधिगृहात गेला. आणि अखेर जानेवारी २०१४ मध्ये तेथील सरकारी लेखातपासनिसांनी दप्तरे चाळून, वार्षिक खरेदी सरासरी सुमारे १० कोटी ९० लाख काडतुसांची असून २००९ पासून ती उतरणीला लागली आहे, असा निर्वाळा दिला. आपल्या सरकारविषयी असली धास्ती बाळगण्याचे भाग्य रायगडच्या किनाऱ्यावरील रयतेला अद्याप लाभलेले नाही. वरणगाव आणि खडकी येथे, म्हणजे आपल्याच मुलखात, काडतुसांचे कारखाने अहोरात्र चालत असता, मुंबईच्या शीघ्र प्रतिसाद पथकाला दारूगोळ्याअभावी नेमबाजीचा सराव करता आला नव्हता, हे २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर राम प्रधान समितीला नमूद करावे लागले.

सराव होतो तेव्हा मात्र झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचून, मोजून शस्त्रागारात जमा कराव्या लागतात, आणि एखादी गवतात नाहीशी झाली तर सबंध तुकडी ओणवी होते. हा काटेकोरपणा स्तुत्यच होय. परंतु जानेवारी १९९३ मध्ये दिघीच्या धक्क्यावर उतरलेला तस्करांचा शस्त्रांचा माल घेऊन निघालेल्या गाड्या श्रीवर्धनच्या पोलिसांनी गोंडघर फाट्यावर अडविल्या, तेव्हा उणीव काडतुसांची नव्हती. सौदा ठरला, रोकड अपुरी पडली, म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवून घेण्यात आल्या, असे न्यायालयात शाबीत झाले. (सावकारीतही इतकी पद्धतशीर वागणूक विरळा.) पुढच्याच महिन्यात शेखाडीला आरडीएक्स उतरले, आणि मार्चात साखळी स्फोटांनी मुंबई हादरली.

ऑगस्ट २०२२ मध्ये तर हरिहरेश्वरच्या किनाऱ्याजवळ खलाशांनी सोडून दिलेली एक परदेशी नौका वाहत आली आणि तीत तीन एके-४७ रायफली काडतुसांसह सापडल्या. घातपाताचा संबंध तूर्त निष्पन्न झाला नसल्याचे गृहमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले. निविदेवाचून झालेला हा पुरवठा, पंचनाम्यापुरता का होईना, सरकारदप्तरी जमा झाला. आता मांडवा, दादर आणि दिघी या रायगडच्या सागरी पोलीस ठाण्यांतील शिपायांनी वर्षभरात सरावासाठी किती काडतुसे झाडली, आणि रात्रपाळीला फाट्यांवर किती माणसे प्रत्यक्ष उभी होती, असा दोन रकान्यांचा तक्ता गृहखात्याने त्याच विधिमंडळापुढे ठेवला, तर त्यात कोणते राजगुपित फुटेल ते कळत नाही. फुटलेच तर दुसऱ्या रकान्यातले फुटेल.