दत्तक गेलेल्यांची आत्मकथने आणि मराठी समीक्षा

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने संशोधनासाठी एक विषय सुचविला होता. महाराष्ट्रात जन्मलेल्या आणि बालपणीच परदेशी दत्तक गेलेल्या व्यक्तींची आत्मकथने, असा तो विषय. ज्या समितीपुढे तो आला तिने तो दहा मिनिटांत नामंजूर केला. ही पुस्तके मराठीत लिहिलेली नाहीत, सबब विषय तुलनात्मक साहित्याच्या अथवा समाजकार्याच्या विभागाकडे न्यावा, असा शेरा मिळाला. समितीचे म्हणणे नियमाला धरून होते. तरीही प्रस्तुत लेखकाला असे वाटते की, या नकारामागे मराठी साहित्याच्या कक्षेविषयीची जी समजूत आहे ती एकदा तपासून पाहिली पाहिजे. कारण ही पुस्तके मराठीत का लिहिली गेली नाहीत, हाच त्या पुस्तकांचा आशय आहे.

उदाहरणादाखल आशा मिरो या लेखिकेचे घेऊ. त्यांचा जन्म १९६७ चा, नाशिक जिल्ह्यातील एका खेड्यात, शेतकरी कुटुंबात झालेला. मुंबईतील ख्रिस्ती भगिनींच्या अनाथालयातून १९७४ साली बार्सिलोना येथील एका दांपत्याने त्यांना दत्तक घेतले. त्या वेळी त्यांना सातवे वर्ष सरत आले होते. १९९५ मध्ये त्या प्रथम मुंबईत परत आल्या. पुढे २००३ मध्ये त्यांचे आत्मकथन कॅटलन भाषेत प्रसिद्ध झाले आणि २००४ मध्ये त्याचा दुसरा भाग. या दुसऱ्या भागात जन्मगावाचा आणि सख्ख्या बहिणीच्या भेटीचा वृत्तांत आहे. पहिल्या पुस्तकाच्या शीर्षकात लेखिका स्वतःला गंगेची कन्या म्हणवते. युरोपीय वाचकाला त्यातून साहजिकच काशी-हरिद्वारची गंगा दिसणार. पण नाशिककर गोदावरीलाच गंगा म्हणतो. ‘गंगेवर जाऊन येतो’ असे तो म्हणतो तेव्हा त्याला गोदाघाटच अभिप्रेत असतो. हा अर्थ लेखिकेला अभिप्रेत असो वा नसो, मराठी वाचकाला तो ऐकू येतोच. पुस्तक आपले नाही असे म्हणणाऱ्यांनी निदान शीर्षकापाशी तरी क्षणभर थांबावे.

सहा-सात वर्षांच्या मुलाजवळ भाषा किती असते? व्याकरणदृष्ट्या जवळजवळ सगळी. क्रियापदांची रूपे, लिंग-वचन, नात्यांची संबोधने, रागाचे आणि लाडाचे शब्द, हे सारे त्या वयात मुलाच्या जिभेवर असते. अक्षरओळख तेवढी नुकतीच होत असते. म्हणजे विसरले जाते ते बोबडे बोल नसतात, विसरली जाते ती एक घडलेली भाषा. आणि घरात त्या भाषेत उत्तर देणारे कोणी नसले की ती वर्षा-दीड वर्षात जाते. मिरो यांच्या आत्मकथनात दत्तक आईच्या दैनंदिनीतील उतारे आलेले आहेत. वाङ्मयप्रकाराच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. आत्मकथनकाराचे बालपण त्याच्या स्मृतीत असते, हे आपण गृहीतच धरलेले आहे. येथे मात्र बालपणाचा एक भाग दुसऱ्या स्त्रीच्या वहीत, दुसऱ्या भाषेत नोंदला गेला आहे आणि लेखिकेला स्वतःचेच बालपण वाचून काढावे लागते. ‘स्मृतिचित्रे’पासून चालत आलेल्या आपल्या परंपरेत या स्थितीला नाव नाही.

आणखी एक योगायोग नोंदविण्याजोगा आहे. ही मुलगी बार्सिलोनाला पोहोचली तेव्हा फ्रँकोची राजवट संपायला वर्षभर अवकाश होता. कॅटलन ही घरात बोलली जाणारी, पण शाळेतून आणि कचेऱ्यांतून हद्दपार केलेली भाषा होती. एक भाषा गमावलेले मूल अशा रीतीने एका दबलेल्या भाषेत वाढले आणि पुढे त्याच भाषेत लिहू लागले.

भेटीच्या प्रसंगाकडे वळू. दोन सख्ख्या बहिणी समोरासमोर येतात आणि दोघींना समान भाषा नसते. आपले वाचक अशा प्रसंगी डोळे पुसतात आणि पुढे जातात. समीक्षकाने मात्र तेथे थांबायला हवे. व्हिएतनाम युद्धाच्या अखेरीस, एप्रिल १९७५ मध्ये, सायगाव येथून अडीच हजारांहून अधिक मुले विमानांनी प्रामुख्याने अमेरिकेत नेण्यात आली. त्यांतली सगळीच अनाथ नव्हती; काहींच्या आया जिवंत होत्या आणि त्यांनीच ती सोपविली होती. अशाच एका मुलीवरचा ‘डॉटर फ्रॉम डानांग’ हा अनुबोधपट २००२ साली आला. तीही सात वर्षांची असतानाच गेलेली. बावीस वर्षांनी ती आईला भेटते, पहिले काही दिवस केवळ आनंदाचे जातात आणि मग भाऊ दुभाष्यामार्फत विचारतो की आता आईची जबाबदारी तू कशी उचलणार? पैसे पाठवशील का? तिला हा व्यवहार वाटतो आणि ती कोसळते. कुटुंबाला तिचे कोसळणे कळत नाही. मराठी माणसाला या प्रसंगात समजावून सांगण्यासारखे काही नाही. ‘आईचं कोण करतं?’ या आपल्या प्रश्नातले ‘करणे’ हे क्रियापद कोणता दुभाषी भाषांतरित करील? शब्द देता येईल, पण त्या क्रियापदाबरोबर येणारे कर्तव्याचे जाळे देता येणार नाही. भाषा जाते तेव्हा नुसता संवाद जात नाही, ऋणाची कल्पनाही जाते, आणि उरलेल्या दोन्ही बाजू एकमेकींना कृतघ्न अथवा लोभी समजू लागतात.

आपल्या भाषेने या अनुभवासाठी कोणते शब्द ठेवले आहेत, हेही पाहावे. ‘दत्तक’ म्हणजे दिलेला. देणारा आणि घेणारा हे दोघे कर्ते. शिवाय ‘दत्तक जाणे’ असाही आपला प्रयोग आहे. त्यात वाक्याचा कर्ता मूल असते, जणू ते आपल्या पायांनी गेले. दत्तविधान, मांडीवर घेणे, ओटीत घालणे या सगळ्या शब्दांमागे वंश, गादी आणि पिंडदान आहे. १९५६ च्या कायद्यापूर्वी दत्तक म्हणजे बहुतेक पुत्रच. याच नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा मुलगा १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. तो गुजरातेत गेला खरा, पण दरबारी मराठी त्याच्याभोवती होती. त्यानंतर नव्व्याण्णव वर्षांनी त्याच जिल्ह्यातली एक मुलगी गेली. तिच्या जाण्यासाठी मराठीत वेगळा शब्दही नव्हता. कायद्यातही नव्हता. परदेशी दांपत्याला येथे दत्तक घेता येत नसे. १८९० च्या पालक-पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयाकडून पालकत्व मिळवायचे, मूल न्यायचे आणि दत्तक आपल्या देशात घ्यायचे. लक्ष्मीकांत पांडे खटल्यात १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या व्यवहाराला नियम घालून दिले, ते तोवरचे गैरप्रकार पुढे आल्यामुळेच.

सोलापूर जिल्ह्यातील वाचकाला हा विषय दूरचा वाटू नये. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पंढरपुरात टाकून दिलेल्या अर्भकांसाठी बालकाश्रम निघाला आणि प्रार्थना समाजाने तो चालविला. चंद्रभागेच्या वाळवंटावर अभंगांचा अभ्यास आपण पुष्कळ केला. त्याच गावातल्या या संस्थेच्या नोंदवह्यांकडे, मुलांना तेथे मिळालेल्या नावांकडे, मराठीच्या अभ्यासकाचे लक्ष फारसे गेलेले नाही.

हन्नूर हे गावही आपल्याच जिल्ह्यातले. शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ साली आले आणि जन्म, बापाचे नाव, जात या गोष्टींवर आधारलेली ओळख किती ठिसूळ व क्रूर असते हे मराठी वाचकाला ठाऊक झाले. तेथे शाळेच्या पटावर बापाचे नाव काय लावायचे हा प्रश्न आहे. आई आहे, आजी आहे, गाव आहे, आणि मुख्य म्हणजे जाब विचारायला भाषा आहे. दत्तक गेलेल्याजवळ नाव आहे, पारपत्र आहे, घर आहे, बहुधा प्रेमही आहे. जाब विचारायची भाषा मात्र नाही. या दोन आत्मकथनांना शेजारी ठेवून वाचले तर ‘मी कोण’ या प्रश्नाचे दोन अगदी वेगळे व्याकरण दिसते. हे वाचन मराठीच्या विभागात व्हायचे नाही तर कोठे व्हायचे?

येथे एक आक्षेप येईल. अनुभव मराठी आणि भाषा परकी अशा लेखनाला दार उघडले तर परदेशस्थ मराठी माणसाने इंग्रजीत लिहिलेली प्रत्येक कादंबरी आपल्यात येईल. हा आक्षेप रास्त आहे, परंतु तो येथे लागू पडत नाही. परदेशस्थ लेखकाने भाषा निवडलेली असते. दत्तक मुलाला निवड नव्हती. देशीवादाने लेखकाचे भूमीशी आणि भाषेशी असलेले नाते हा साहित्याचा कणा मानला. ते नाते बालपणीच तोडले गेले असेल तर त्या तुटण्याचे काय, याचा विचार देशीवाद्यांनीही करायला हरकत नाही. अनुवाद करून प्रश्न सुटेल असेही काही मित्र म्हणतात. अनुवाद व्हावेतच. पण मराठी अनुवादात ती बहीण सरळ मराठी बोलू लागते, आणि दोघींमधली न ओलांडता येणारी दरी पानावरून नाहीशी होते.

दुसरी एक सवय मला जास्त खटकते. पुण्याच्या ‘श्रीवत्स’ संस्थेत काही आठवडे राहिलेली लिसा स्थळेकर ऑस्ट्रेलियाच्या संघातून खेळू लागली आणि आमच्या वृत्तपत्रांना ती ‘आपली’ वाटू लागली. नशीब उजळले, असे आपण म्हणतो. ज्यांचे असे काही उजळले नाही, जे चाळिशीत एखाद्या संस्थेच्या दारात दुभाष्यासह उभे राहून आपली नोंद मागतात, त्यांना आपले म्हणायला कोणी पुढे येत नाही. अठरा वर्षांवरील दत्तक व्यक्तीला मूळ शोधाचा अर्ज करण्याची तरतूद आता नियमांत आहे. त्या शोधात तिच्या हाती येतो तो बहुधा चार ओळींचा मराठी मजकूर: दिनांक, अंदाजे वय, अंगावरचे कपडे, आणणाऱ्याचे नाव किंवा ‘अज्ञात’. त्या आयुष्यातला तेवढाच मराठी मजकूर, आणि तो तिला वाचता येत नाही.

ज्या विद्यार्थिनीचा उल्लेख वर आला तिचे घर तेलुगू बोलणारे आहे. आजोबा यंत्रमागावर होते. मराठी तिला शाळेने आणि गल्लीने दिली, आणि आज ती एम. ए. च्या वर्गात कोणाहूनही चांगली मराठी लिहिते. सोलापुरात अशी मुले प्रत्येक वर्गात असतात, त्यामुळे मातृभाषा म्हणजे आईची भाषा हे समीकरण येथल्या शिक्षकाला कधीच पुरेसे वाटलेले नाही. हा विषय तिला का सुचला असे मी विचारले. ती म्हणाली, “सर, मला दोन भाषा मिळाल्या. एक गेली असती तर काय झालं असतं, एवढंच बघायचंय.”

अर्ज पुन्हा सादर झाला आहे. शीर्षकात ‘मराठी आत्मकथन’ हे शब्द तिने तसेच ठेवले आहेत. समितीची बैठक दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे.