विश्लेषण : वाचता येते, पण कळते का? अपठित उताऱ्यातले गुण नेमके कुठे जातात?

बीड जिल्ह्यातील धर्मापुरी केदारेश्वराच्या चालुक्यकालीन मंदिरासाठी ओळखली जाते, तर जिल्ह्याची ओळख ऊसतोड मजुरांचा जिल्हा अशी. दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, म्हणजे तोडणीचा हंगाम भरात असताना. आई-वडील फडावर आणि मूल आजीजवळ, अशी या भागातल्या अनेक घरांची स्थिती. अशा घरातले मूल धडा घडाघडा वाचून दाखवते. पण न शिकवलेला उतारा समोर आला आणि प्रश्नाची सुरुवात ‘का’ने झाली, की ते अडखळते.

परीक्षेत याला किती गुण?

राज्य मंडळाच्या दहावीच्या मराठी (प्रथम भाषा) कृतिपत्रिकेत ८० गुणांपैकी अपठित गद्याला ४ गुण आहेत. आकडा लहान दिसतो म्हणून अनेक जण तो सोडून देतात. पण उपयोजित लेखनात पत्राला पर्याय म्हणून सारांशलेखन येते. त्याला ६ गुण असून सारांश याच उताऱ्याचा, एक तृतीयांशात करायचा असतो. इंग्रजी तृतीय भाषेत तर अपठित उताऱ्याला १० आणि सारांशाला ५ गुण आहेत. यातले काहीच पाठ करता येत नाही. बाजारातले ‘अपेक्षित’ प्रश्नसंच इथे फारसे कामाला येत नाहीत.

शिवाय गणितातले शाब्दिक उदाहरण हाही एक उताराच असतो. ते चुकले की मूल ‘गणितात कच्चे’ ठरते. प्रत्यक्षात अनेकदा वाक्यच कळलेले नसते.

घडाघडा वाचणे म्हणजे समजणे नव्हे?

नव्हे. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये साधी मांडणी केली : आकलन म्हणजे अक्षरे उलगडण्याची क्षमता आणि भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच. गोरमाटी किंवा मराठवाडी बोलीत वाढलेल्या मुलाला प्रमाण मराठीतले ‘तथापि’, ‘परिणामी’, ‘अन्यथा’ हे जोडशब्द वाचता येतात, पण वाक्याचा अर्थ त्यांच्यापाशी वळतो हे कुणी सांगितलेले नसते.

उलटी बाजूही आहे. मिनिटाला ३० शब्दांनी वाचणाऱ्याला १२० शब्दांच्या उताऱ्यासाठी ४ मिनिटे लागतात. शेवटच्या ओळीला पोहोचेपर्यंत पहिली विसरलेली असते. ‘निपुण भारत’ने तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थासह, असे लक्ष्य ठेवले ते यामुळेच. त्याची मुदत २०२६-२७ आहे. ‘असर’च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत देशातील सरकारी शाळांतल्या तिसरीच्या २३.४ टक्के मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होते. सुधारणा आहे, पण हा मोठ्याने वाचण्याचा निकष आहे. किती कळले, हा प्रश्न त्याच्या पुढचा.

मुलाला आधीपासून काय ठाऊक आहे?

बहुतेक मार्गदर्शनात सुटते ते हेच. हा छोटा उतारा पाहा : ‘पाऊस लांबला. नदीकाठची विहीरही आटली. दिवाळी झाली तशी निम्म्या घरांना कुलपे लागली.’ पहिला प्रश्न, कोणती विहीर आटली? उत्तर उताऱ्यातून उचलता येते. दुसरा प्रश्न, घरांना कुलपे का लागली? उत्तर उताऱ्यात कुठेच नाही. धर्मापुरीतले मूल क्षणात सांगेल : माणसे तोडणीला गेली. पुण्यातले मूल कदाचित ‘सुट्टीला गावी गेली’ असे लिहील. दोघांनी वाचले तेच, अक्षरेही सारखीच ओळखली.

‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी आणि ‘उचल’ म्हणजे मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, हे या मुलांना शिकवावे लागत नाही. पण उतारा मेट्रोवर किंवा प्रवाळ बेटांवर आला, की पारडे फिरते. अमेरिकेत रेक्ट आणि लेस्ली यांनी १९८८ मध्ये हेच बेसबॉलच्या मजकुरावर दाखवले : खेळ ठाऊक असलेले कच्चे वाचक, तो ठाऊक नसलेल्या चांगल्या वाचकांपेक्षा सरस ठरले. म्हणजे इतिहास, भूगोल, विज्ञान नीट वाचणे हीसुद्धा भाषेच्या पेपरची तयारीच. केवळ उताऱ्यांचे संच सोडवत बसणे हा त्या मानाने लांबचा रस्ता आहे.

मग सराव कसा करायचा?

पॅलिंक्सर आणि ब्राउन यांनी १९८४ मध्ये मांडलेली पद्धत वर्गात आणि घरातही चालते. परिच्छेद वाचून थांबायचे. अडलेला शब्द मागच्या-पुढच्या वाक्यावरून लावायचा, स्वतःच एक प्रश्न काढायचा, एका वाक्यात सार सांगायचे, पुढे काय येईल याचा अंदाज करायचा. यात प्रश्न मुलाने काढायचा, हे महत्त्वाचे. सार सांगण्याची सवय सारांशाच्या ६ गुणांना थेट उपयोगी पडते.

परीक्षेच्या दिवशी आधी प्रश्न, मग उतारा, मग पुन्हा प्रश्न, हा क्रम वेळ वाचवतो. कृतीची सूचनाही नीट वाचावी. ‘कारणे लिहा’ असताना नुसती घटना उतरवून येणारी मुले कमी नाहीत.

पुस्तके नाहीत ही अडचण खरी, पण मोबाइल बहुतेक घरांत आहे. रोज एक बातमी मोठ्याने वाचून घेणे आणि दोन ‘का’ विचारणे, एवढ्याला दहा मिनिटे पुरतात. आजीला वाचता येत नसले तरी ‘मग पुढं काय झालं, सांग’ असे ती विचारू शकते. तोही आकलनाचाच प्रश्न आहे. फडावरच्या आई-वडिलांना संध्याकाळच्या फोनवर हे जमू शकते.

लहान भावंडांचा प्रश्न मात्र यापेक्षा अवघड. दहावीचे मूल गावात राहते, दुसरी-तिसरीतले अनेकदा आई-वडिलांसोबत कोपीवर जाते. ते जाऊ नये म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. जी मुले तरीही जातात, त्यांचे ऐन वाचायला शिकण्याचे पाच-सहा महिने बुडतात. ती परततात तेव्हा मार्च-एप्रिल उजाडलेला असतो आणि वर्गाचे पुस्तक संपत आलेले असते.